वाघाची जाहिरात करतो कोण?

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या जंगलात भल्या पहाटे शिरणाऱ्या जिप्सीत सहा पर्यटक, एक गाईड आणि एक चालक असतो. सकाळची फेरी आटोपून गाडी फाटकाबाहेर येते, तेव्हा वाघ दिसलेला असेल तर पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. कॅमेऱ्यातील छायाचित्र मोबाईलवर घेतले जाते आणि दुपारच्या जेवणाआधी ते पुणे, मुंबई, नागपूरच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोहोचते. पाहणाऱ्यांपैकी कुणी तरी विचारतो, ‘कुठल्या फाटकाने गेला होतात? कोणत्या महिन्यात जावे?’ ताडोबाची जाहिरात होते ती अशी. या जाहिरातीसाठी वनविभागाला दमडीही खर्चावी लागत नाही. उलट जाहिरात करणाऱ्यानेच प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाईडचे मानधन आपल्या खिशातून भरलेले असते.

आधुनिक विपणनशास्त्रात या प्रकाराला मोठे मोल आहे. विक्रेत्याने आपल्या मालाची कितीही स्तुती केली तरी ऐकणारा ती अर्धीच खरी मानतो. तोच माल शेजाऱ्याने वाखाणला की विश्वास बसतो. ही गोष्ट बाजाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्यातील चितळ्यांच्या दुकानाच्या दुपारच्या विश्रांतीवरून झालेले विनोद ग्राहकांनीच राज्यभर नेले आणि त्यांसोबत बाकरवडीचे नावही नेले. कर्णोपकर्णी होणाऱ्या या प्रसिद्धीला मोजमाप देण्याचा प्रयत्न मात्र अलीकडचा. फ्रेडरिक राइकहेल्ड या अमेरिकी सल्लागाराने डिसेंबर २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून सुचविले, की ग्राहकाला एकच प्रश्न विचारा: ‘आमची शिफारस तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला कराल काय?’ उत्तर शून्य ते दहा या गुणांत घ्यावे. नऊ-दहा गुण देणारे ते पुरस्कर्ते, शून्य ते सहा देणारे ते नाराज, सात-आठवाले तटस्थ. पुरस्कर्त्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली, की धंद्याचे भवितव्य कळते, असा त्यांचा दावा होता. पुढे फिलिप कोटलर आणि त्यांच्या सहलेखकांनी २०१७ च्या सुमारास आलेल्या ‘मार्केटिंग ४.०’ या पुस्तकात ग्राहकाच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा खरेदी हा न मानता शिफारस हा मानला. माल घेतला म्हणजे ग्राहकाचे काम संपले, हा समज त्यामुळे मागे पडला.

ताडोबात या सिद्धांताची प्रचीती येते. पण सिद्धांतात न लिहिलेल्या काही गोष्टीही तेथेच दिसतात.

क्रमांकातून नावाकडे

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ते जाहीर झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्याची भर पडली आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. तरीही वाघ पाहायचा तर कान्हा, बांधवगड किंवा रणथंबोर, हाच मराठी पर्यटकाचाही रिवाज कित्येक वर्षे होता. डिजिटल कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला, ऑर्कुट आणि पाठोपाठ फेसबुक घरोघरी पोहोचले, आणि चित्र पालटले. नेमक्या त्याच सुमारास ताडोबात वाघ सहज दिसू लागले होते.

वनविभागाच्या दप्तरी वाघाला क्रमांक असतो. छायाचित्राखाली ‘टी-१२’ असे लिहिले तर कुणाला फारसा बोध होत नाही. गाईड आणि चालकांनी या वाघांना नावे दिली, पर्यटकांनी ती उचलली. टी-१२ ही ‘माया’ झाली. पाणवठ्यावरून ‘वाघडोह’ हे नाव पडले. ‘मटकासुर’, ‘येडा अण्णा’, ‘गब्बर’ अशी नावे आली. नाव मिळाले की गोष्ट तयार होते: मायेची पिल्ले किती जगली, मटकासुराने कुणाला हुसकावले, छोटा मटका आता कोणत्या हद्दीत फिरतो. पर्यटक एकदा येऊन समाधान पावत नाही; मालिकेचा पुढचा भाग पाहावा तसा तो पुन्हा येतो. कोणत्याही साबणाच्या किंवा मोटारीच्या कंपनीला हेवा वाटावा अशी ही निष्ठा आहे, आणि ती कोणत्याही जाहिरात संस्थेने घडविलेली नाही. राज्य शासनाने २०१५ मध्ये अमिताभ बच्चन यांना व्याघ्रदूत केले, मार्च २०२४ मध्ये चंद्रपुरात ताडोबा महोत्सव भरविला. या प्रयत्नांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु मायेने जेवढी माणसे ताडोबाला आणली, तेवढी कोणत्याही महोत्सवाने आणली असतील असे वाटत नाही.

माया ऑगस्ट २०२३ नंतर दिसेनाशी झाली. त्या नोव्हेंबरमध्ये जंगलात वाघाचे अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ते तिचेच असल्याचे निष्पन्न झाले. दरम्यानच्या काळात ‘माया कुठे आहे?’ हा प्रश्न वनाधिकाऱ्यांना विचारणाऱ्यांत पत्रकारांपेक्षा पर्यटकच अधिक होते. पुरस्कर्ता ग्राहक पुढे हिशेब मागणारा ग्राहक होतो, तो असा.

नऊ गुणांसाठी

राइकहेल्ड यांचा प्रश्न ताडोबाच्या फाटकावर विचारला तर काय होईल? ज्याला वाघ दिसला तो दहा गुण देईल. ज्याला दिसला नाही त्याला नीलगाय, गवा, रानकुत्री, सर्पगरुड आणि उन्हाळी पहाटेचा मोहाचा गंध हे सारे मिळूनही तो पाचाच्या वर जाईलच असे नाही. जंगलाचा दर्जा त्या दिवशी कमी नव्हता. पण गुण जंगलाला नसून दर्शनाला आहेत. या एका गोष्टीतून पुढची सारी गुंतागुंत निर्माण होते.

गाईड आणि चालक हे बहुतांशी आसपासच्या गावांतले तरुण आहेत. आता काही ठिकाणी स्त्रियाही गाईडचे काम करतात. पर्यटक खूश होऊन गेला तर बक्षिसी मिळते, त्याच्या ओळखीचे लोक त्याच गाईडला विचारत येतात, रिसॉर्टचा मालकही त्यालाच बोलावतो. वाघ न दिसता परतलेली फेरी म्हणजे उद्याच्या गिऱ्हाइकावर पाणी. मग एका गाडीला वाघ दिसला, की ती वार्ता पसरते आणि पाच मिनिटांत वीस गाड्या एका वळणावर उभ्या राहतात. मागची गाडी पुढे घुसते, पुढची हलत नाही, आणि वाघाची वाट रस्त्याच्या मधोमध अडते. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात २०१८ च्या अखेरीस पर्यटकांना मोबाईल नेण्यास मनाई करण्यात आली, तिचे एक कारण हेच. कॅमेऱ्याला मात्र मुभा राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणातील निकालात देशभरातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन क्षेत्रांत मोबाईल वापरण्यास मज्जाव केला, तेव्हा ताडोबाला ही बंदी नवी नव्हती.

या शर्यतीचे टोक ताडोबाच्या उत्तरेला असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. या अभयारण्याला नाव मिळवून दिले ते ‘जय’ या एकाच वाघाने. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून तेथे आला आणि पाहता पाहता त्याच्या छायाचित्रांनी एका अपरिचित अभयारण्याची नोंदणी फुल्ल करून टाकली. एप्रिल २०१६ नंतर तो बेपत्ता झाला, तो कायमचाच. आणि त्याच्यामागोमाग पर्यटकांचा ओघही आटला. सारा धंदा एका चेहऱ्यावर बेतण्याचा धोका मोठमोठ्या कंपन्यांना ठाऊक असतो. येथे तर चेहरा कुणाच्या करारात बांधलेला नव्हता. त्याच अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी कोंडीत पकडले. हा प्रकार उघड कसा झाला? पर्यटकांनीच काढलेल्या चित्रफितींतून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक-गाईडांवर कारवाई झाली.

ज्या हाताने जाहिरात केली तोच हात तक्रारही करतो, हे ताडोबाने २०२४ च्या सुरुवातीलाही अनुभवले. रामदेगी परिसरातील एका तरुण वाघिणीने पाणवठ्यातील प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेल्याची चित्रफीत जगभर फिरली. तिने ताडोबाचे नाव जितके पसरविले, तितकीच तेथील कचऱ्याची लाजही. २०२५ मध्ये छोटा मटका दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी झाला; त्याच्या लंगडण्याची चर्चा इतकी वाढली, की उच्च न्यायालयाने त्याचीही दखल घेतली आणि पुढे त्याला पकडून उपचारासाठी हलवावे लागले. जंगलात जखमी वाघाला निसर्गाच्या स्वाधीन करावे की दवाखान्यात न्यावे, हा वनशास्त्रातला जुना वाद आहे. त्याचा निकाल आता चाहत्यांच्या रेट्याखाली लागू लागला, ही गोष्ट चांगली की वाईट याविषयी तज्ज्ञांतही दुमत राहील.

ज्यांना कुणी गुण विचारत नाही

वाघाचे पुरस्कर्ते बहुधा शहरात राहतात. वाघाचे शेजारी गावात राहतात. या दोघांचे म्हणणे एकमेकांपर्यंत पोहोचत नाही, हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये फार कटूपणे दिसले. पांढरकवडा परिसरातील टी-१ वाघीण, म्हणजेच ‘अवनी’, हिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला जिवंत सोडावे यासाठी समाजमाध्यमांवर देशव्यापी मोहीम उभी राहिली. त्याच दिवसांत त्या भागातील शेतकरी कापसाच्या शेतात जायला धजत नव्हते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. शहरांत मेणबत्त्या लागल्या आणि गावांत सुटकेचा श्वास टाकला गेला. ‘अवनी’ हे नाव वाघिणीला मिळाले होते. मेलेल्या तेरा जणांची नावे सांगू शकेल असा मोहिमेतला माणूस विरळाच.

चंद्रपूर जिल्ह्यात हा प्रश्न रोजचा आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले निम्म्याच्या आसपास एकट्या या जिल्ह्यात मानले जातात, आणि ते सारेच ताडोबाच्या हद्दीत मावत नाहीत. मे महिना पर्यटकांच्या दृष्टीने सर्वांत लाभाचा. पाणवठे आटतात, झाडी विरळ होते, वाघ हमखास दिसतो. हाच महिना तेंदूपानांचा. उजाडता उजाडता बायका पाने तोडायला रानात शिरतात, दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. पेरणीच्या आधी हातात रोकड येण्याचा तो एकच मार्ग असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या एकाच हल्ल्यात मरण पावल्या. त्या पहाटे ताडोबाच्या फाटकांवर जिप्सींच्या रांगा नेहमीप्रमाणेच होत्या. वाघ तोच, महिना तोच, वेळही तीच. फक्त एका बाजूच्या माणसाला जिप्सी आहे आणि दुसरीला नाही.

पर्यटनाचा पैसा गावांत येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोहर्ली, कोलारा, आगरझरी या गावांची जिप्सी, गाईड, उपाहारगृहे आणि घरगुती निवास यांवर पोटे चालतात. बफर क्षेत्रात ‘माधुरी’, ‘जुनाबाई’ अशा वाघिणी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा आगरझरी-मदनापूरकडेही पर्यटक वळले. मात्र फाटकापासून दहा-पंधरा किलोमीटर आत गेले, की तेथे वाघ आहे आणि पर्यटक नाही. त्या गावांना वाघाचा खर्च तेवढा ठाऊक आहे.

नव्या विचाराची खरी गरज येथे आहे, आणि थोडी सुरुवातही झाली आहे. ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचे ‘आभासी कुंपण’ बसविण्यात आले. वाघ गावाकडे येताना दिसला, की यंत्रणा सावध करते. पर्यटकाचा कॅमेरा वाघ कुठे आहे हे जगाला सांगतो. या कॅमेऱ्याने ते शेजाऱ्याला सांगायचे आहे. राइकहेल्ड यांचा प्रश्न जरा फिरवून बफरमधील गावांनाही विचारता येईल: ‘या जंगलाशेजारी घर करण्याची शिफारस तुम्ही सोयऱ्याला कराल काय?’ व्याघ्रप्रकल्पाच्या प्रगतिपुस्तकात पर्यटकांची संख्या आणि महसूल यांच्या जोडीला या उत्तराचे गुण असायला हरकत नसावी. शहरी पर्यटकाच्या शिफारशीवर धंदा एखादे दशक चालेल; शेजाऱ्याचे गुण शून्यावर गेले तर वाघ विजेच्या तारेत सापडायला वेळ लागत नाही.

ज्या जंगलाला फाटक नाही

ताडोबाहून आग्नेयेला गडचिरोली जिल्ह्यात उतरले, की जंगल अधिक दाट आणि पर्यटक अधिक विरळ होत जातो. अल्लापल्लीहून दक्षिणेकडे गेल्यावर अहेरी तालुक्यात कमलापूर लागते. राज्यातील एकमेव शासकीय हत्ती कॅम्प येथे आहे. हा कॅम्प फार कुणाला ठाऊक नव्हता. परिसरातील लोक सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जात, छायाचित्रे काढत, इतकेच. विदर्भातील सरकारी हत्ती गुजरातमधील जामनगरला पाठविण्याच्या हालचाली २०२१-२२ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा याच छायाचित्रांना आवाज फुटला. ‘आमचे हत्ती आम्हाला हवेत’ अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालली, गावकरी रस्त्यावर आले, लोकप्रतिनिधींना बोलावे लागले. ताडोबातील हत्ती मे २०२२ मध्ये जामनगरला गेले, कमलापूरचे राहिले. देशभर चाहते असलेल्या ताडोबात हत्तींसाठी मोठा आवाज उठला नाही, कारण तेथला चाहता वाघाचा होता. कमलापूरचा चाहता मात्र शेजारीही होता. या एका उदाहरणावरून नियम बांधता येणार नाही, पण विपणनाच्या अभ्यासकांनी ते नोंदवून ठेवावे.

अल्लापल्लीहूनच दुसरी वाट एटापल्लीमार्गे सूरजागडच्या डोंगराकडे जाते. येथेही साग, ऐन, मोह आणि बांबूचे जंगल आहे, माडिया आदिवासींची वस्ती आहे, डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. परंतु सफारीचे फाटक नाही, कॅमेरा घेऊन येणारा ग्राहक नाही, नाव मिळालेला वाघ नाही. सूरजागडची जी प्रतिमा राज्याच्या मनात आहे ती इतरांनी घडविली. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी लोहखनिजाची ७० हून अधिक वाहने पेटविली, तेव्हा हे नाव प्रथम सर्वदूर गेले. पुढे २०२१ पासून उत्खनन नियमित सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत उत्खननास पर्यावरण मंजुरी मिळाली; आता सूरजागड म्हणजे लोहखनिज, हे समीकरण पक्के आहे. कंपनी रोजगार आणि रुग्णालयाची बाजू मांडते. इलाख्यातील अनेक ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले. दोन्हीकडे ग्राहक नावाचा माणूस कुठेच नाही. पोलादाची सळई घेणाऱ्याला खनिज कोणत्या डोंगराचे हे विचारावेसे वाटत नाही, आणि विचारले तरी दुकानदाराला ते सांगता येणार नाही. आष्टी-अल्लापल्ली रस्त्यावरील खड्डे आणि लाल धूळ यांची छायाचित्रे तेवढी स्थानिक तरुण टाकत राहतात.

या भागातल्या ग्रामसभांपाशी विकण्याजोगा माल आहे. वनहक्क कायदा आणि पेसा यांमुळे तेंदू आणि बांबू विकण्याचा अधिकार त्यांना मिळाला. हंगामाच्या तोंडावर त्या वृत्तपत्रांत लिलावाची जाहिरात देतात आणि ठेकेदार बोली लावतात. २०१७ मध्ये भाव चढले, पुढच्याच हंगामात कोसळले. ग्रामसभेच्या हाती दोन्ही वेळा फारसे काही नव्हते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळवून स्वतः विक्रीचा मार्ग दाखविला, तेव्हा त्या बांबूला गावाच्या नावाची ओळख होती. लोक ते नाव ऐकून गाव पाहायला येत. तेंदूला तशी ओळख अजून मिळालेली नाही. एटापल्लीच्या रानातले पान पोत्यात भरून जिल्ह्याबाहेर जाते, विडीच्या कट्ट्यावर कारखानदाराचे नाव छापले जाते, आणि पान कोणत्या गावच्या बाईने खुडले याची नोंद ग्रामसभेच्या वहीच्या पुढे जात नाही.